सिंहमुखी कुत्र्यांची सुईण

गिरणेच्या काठाला केवळबाईचं नाव दोन कारणांनी घेत. एक अदबीने, दुसरं हसून. अडलेल्या बाईला सोडवावं ते केवळबाईनेच, हे पहिलं. आणि बायांची बाळंतपणं करता करता ही कुत्र्यांचीही सुईण झाली, हे दुसरं. हसणारे लोक पुढे हसायचे थांबले, पण त्याला आठ वर्षं लागली आणि त्या आठ वर्षांत तिचा सख्खा भाऊ गेला.

ती ठेलाऱ्याची लेक. ठेलारी म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारे लोक. पावसाळ्यात साक्रीकडच्या डोंगराला असायचे आणि पिकं निघाली की खाली तापी-गिरणेच्या मोकळ्या शेतांत उतरायचे. मुक्काम पडेल तिथे काट्यांचं कुंपण घालून मेंढरं कोंडायची, त्याला ते वाडा म्हणत. वाड्याची राखण कुत्र्यांकडे. केवळबाईचा बाप भटू ठेलारी कुत्र्यांच्या बाबतीत फार कडक होता. कुत्रं वर्षाचं झालं की वैशाखातल्या भर दुपारी त्याला मेंढरांमागे कोसभर पळवायचं, मग जवळ घेऊन त्याच्या बरगडीला कान लावायचा. आत घरघर ऐकू आली तर ते कितीही देखणं असो, गावातल्या कुणाच्या ओसरीवर राखणीला देऊन टाकायचं. त्याची पिल्लं वाड्यात नकोत. भाऊ-बहीण लावायचे नाहीत. नर आणायचा तो तीन मुक्काम पलीकडच्या वाड्यातला. आणि जी कुत्री विताना माणसाचा हात मागते, तिची पुन्हा वीण घ्यायची नाही.

हा शेवटचा नियम केवळबाईला लहानपणी दुष्ट वाटे. कारण अडकलेल्या कोकराला वाट करून देण्यातच तिचा हात बसला होता. मेंढ्यांवर शिकली, मग वाड्यातल्या बाया तिला बोलवू लागल्या.

मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवरा आणि तान्ही लेक आठ दिवसांच्या आत गेली. तिने वाडा सोडला. भाऊ चुडामण मेंढरं घेऊन फिरत राहिला आणि ती भडगावच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या एका गावात झोपडी घालून राहिली. तीन-चार वर्षांत आसपासची गावं तिला गाडी धाडू लागली.

त्या गावचे पाटील पितांबरनाना. धुळ्याला राहून चार इयत्ता इंग्रजी शिकलेले, त्यामुळे गावात राहूनही बोलणं पुस्तकी. बायको गेलेली, मुलगा नोकरीसाठी बडोद्याला, तो दिवाळीलासुद्धा येत नसे. एवढ्या मोठ्या घरात नाना आणि गडीमाणसं. एका माघात नाना धुळ्याहून परतले ते एक कुत्रा घेऊन. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाने तो त्यांना दिला होता. नानांनी त्याचं नाव ठेवलं शार्दूल.

केवळबाईने त्याला आधी पाहिलं नाही, ऐकलं. नानांच्या घराच्या मागच्या भिंतीजवळून ती नदीला चालली होती. भिंतीआडून श्वासाचा आवाज येत होता, घशात पाणी अडकल्यासारखा. मधेच तो थांबे. थांबला की ऐकणाऱ्याचा श्वासही अडके. मग एक मोठा घोरका येई आणि पुन्हा सुरू होई. दाराशी लोटन उभा होता. लोटन म्हणजे नानांचा जुना गडी. कुत्रा सांभाळायचं काम आता त्याच्याकडे आलं होतं.

"घरमा कोन आजारी शे रे?" तिने विचारलं.

लोटन हसला. "कोनी नही, अक्का. शार्दूल झोपेल शे."

ती आत डोकावली. चौकात रुंद छातीचं, वाकड्या पायांचं जनावर पसरलं होतं. डोकं घमेल्याएवढं. नाक जणू कुणी अंगठ्याने आत दाबलेलं, कपाळाला वळ्या, ओठ लोंबते. माघातली सकाळ होती, अंगावर घोंगडी घ्यावी अशी थंडी, आणि ते जनावर धापा टाकत होतं.

"नाना," ती म्हणाली, "हाऊ कुत्रा झोपामा मरी राहिना."

नानांना राग आला नाही. त्यांनी शार्दूलच्या कपाळावरून हात फिरवला. "केवळबाई, साहेब म्हणाला, तोंड जितकं आखूड तितकं रक्त उंची. याचं तोंड बघ. सिंहाचं आहे. मी याची जात वाढवणार. खान्देशात दुसऱ्या कुणाकडे नसेल."

नानांनी चुडामणकडून वाड्यातली एक कुत्री मागून घेतली होती. ढवळी तिचं नाव. लांब तोंडाची, सडपातळ, दोनदा लांडग्याशी झुंजलेली. पाटलाला नाही कसं म्हणायचं म्हणून चुडामणने दिली. ज्येष्ठात ती व्यायला बसली. सकाळी सुरू झालेल्या वेणा दुपारपर्यंत चालल्या, तेव्हा लोटन केवळबाईकडे धावत आला.

ढवळी आधीच्या दोन्ही वेळा एकटीच, करवंदीच्या जाळीत जाऊन व्यायली होती. आता ती भिंतीला पाठ लावून थरथरत होती. केवळबाईने गोडेतेलात बोटं बुडवली. आत हात जाताच तिला कळलं. पिलाचं अंग नेहमीएवढंच होतं. डोकं मात्र हाडाच्या कड्याला येऊन थटलं होतं. तिने ते तिरकं करून काढलं, मेलेलं. दुसरं मेलेलं. तिसरं जिवंत, चौथं जिवंत, पाचवं मेलेलं. सहावं आपोआप आलं, आईसारखं लांब तोंडाचं, आणि आल्या आल्या आचळाला लागलं.

नानांनी खाली बसून पिल्लं पाहिली. तिसरं आणि चौथं, एक नर एक मादी, दोघांची तोंडं बसकी होती. नानांचे डोळे पाणावले. "आली," ते म्हणाले. "सिंहमुखी आली." लांब तोंडाचं सहावं पिलू त्यांनी लोटनला सांगून गावात देऊन टाकलं.

केवळबाई हात धुताना म्हणाली, "डोकं मोठं शे नाना, आनि वाट न्हानी शे. आज ढवळी वाचनी. परत लावू नका."

नाना पिलांकडेच पाहत होते.

दीड वर्षाने नानांनी त्या दोन पिलांना, भावाला आणि बहिणीला, एकत्र ठेवलं. तोंड पक्कं व्हायला हवं, असं ते म्हणत. हे कळलं तशी केवळबाई कामाच्या लुगड्यावरच त्यांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"बापनी सांगेल शे नाना, वाडाना कुत्रा वाडामा लावू नही."

"तुमच्या वाड्यात मेंढरं राखायची असतात," नाना शांतपणे म्हणाले. "मला जात घडवायची आहे. सोनार सोनं पुन्हा पुन्हा तापवतो ना, तसं."

"सोनाले श्वास लागस नही."

नाना उठून आत गेले. पण त्यांनी तिला गावातून काढलं नाही की बोलवायचं थांबवलं नाही. उलट प्रत्येक वेळी तिलाच गाडी धाडली, जेमतेम दोन आळ्या पलीकडे राहत होती तरी. ती जात राहिली. का जातेस, असं शेजारणी विचारत. अडलेल्या जनावराच्या दारावरून पुढे जायला पाय उचलत नाही, एवढंच ती सांगे.

पुढच्या चार वर्षांत तिने नानांच्या घरी जे पाहिलं ते कुणाला सांगितलं तरी लोक मानेनात. टाळू फाटलेली पिल्लं. आईचं दूध पीत आणि ते नाकातून बाहेर येई. एक पिलू उन्हाकडे तोंड करून बसे, आंधळं होतं. मोठी झालेली कुत्री आडवी झोपेनाशी झाली. आडवी झाली की श्वास कोंडे. म्हणून दुपारी ती ओळीने पाण्याच्या दगडी डोणीपाशी बसत, हनुवट्या डोणीच्या कडेवर टेकून तोंड वर करत आणि तशीच बसल्या बसल्या डोळे मिटत. पाच कुत्री, पाच वर केलेली तोंडं, आणि ती घरघर. नव्याने आलेला कुणी पाहुणा चौकात पाऊल टाकायला बिचके. लोटन दिवसभर गोणपाटं भिजवून त्यांच्या अंगावर टाकत असे. खुद्द नाना विंझणा घेऊन त्यांना वारा घालत. त्यांच्या मायेत खोट नव्हती. आपल्या हाताने भाकरी कुस्करून, दुधात भिजवून ते एकेका कुत्र्याला भरवत. कोरडा घास त्या कुत्र्यांच्या घशाखाली उतरत नसे.

ढवळी शार्दूलपासूनच्या दुसऱ्या विणीत मेली. तिच्या लेकीला दर वेळी केवळबाईच्या हाताने सोडवावं लागलं.

आणि मग पौषात नाना दोन कुत्री घेऊन धुळ्याला गुरांच्या प्रदर्शनाला गेले. कजगावपर्यंत बैलगाडी, पुढे चाळीसगावला बदलून रेल्वे. थंडीचे दिवस, कुत्री तेल लावून चकचकीत केलेली, गळ्यात पितळी घुंगरं. कुत्र्यांना प्रदर्शनात वेगळं बक्षीस नव्हतंच, पण कुणा अधिकाऱ्याच्या मडमेने कौतुकाने एक मेडल दिलं. गर्दी कुत्र्यांभोवती लोटली. मुलं घाबरून आयांच्या पदरात शिरत होती आणि बाप म्हणत होते, राखणीला असलं जनावर पाहिजे.

त्यानंतर माणसं येऊ लागली. पाचोऱ्याचे, एरंडोलचे, बोदवडचा गौतमचंद शेठ. नाना विकत नसत, मान म्हणून देत. प्रत्येक पिलाबरोबर एकच अट, जात बिघडवायची नाही, आपसातच वीण घ्यायची.

होळीच्या आधी चुडामणचा वाडा गावच्या शिवारात उतरला. केवळबाई भावाला भेटायला गेली तर वाड्याच्या तोंडाशी नानांचा एक नर बांधलेला. शार्दूलचा नातू. जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलतंय.

"हाऊ आठे काबर?" हा इथे कसा, असं तिने विचारलं.

चुडामण हसत पुढे आला. चाळिशी गाठलेला, उंच, डोक्याला लाल पागोटं. "नानासनी दिन्हा. अक्का, बठ्ठा लोके लई जाई राहिनात. मी काबर मांगे राहू? डोकं देख त्यानं. लांडगा देखताच पयी जाई."

"लांडगा काय रूप देखीसन पयस का?"

"तुले काय समजस? तू बायासनी सुईन."

"सावलीमा बठेल कुत्राना दम नको देखू. उनमा पयाले लाव, मंग आयक. बाप काय करे, इसरी गया का?"

चुडामणचा चेहरा उतरला, पण वाड्यातले दोन भाऊबंद ऐकत उभे होते. बहिणीपुढे माघार घेणं त्याला जमलं नाही. "बाप गया," तो म्हणाला. "बापना जमानाबी गया."

केवळबाईने भांडण वाढवलं नाही. वाड्यात जुन्या वंशाची एकच तरणी कुत्री उरली होती, काजळी. ती तिने भावाकडून मागून घेतली. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून ती काजळीला घेऊन चालत निघाली ती सात दिवसांनी साक्रीकडे, पांझरा नदीच्या काठी, ओळखीच्या नसलेल्या एका वाड्याला पोचली. तिथल्या नराला तिने कोसभर पळवलं आणि वाड्यातले सगळे तोंडात बोट घालून बघत असताना त्याच्या बरगडीला कान लावला. त्याच्या आईबद्दल, आईच्या आईबद्दल विचारलं. मग काजळीला तिथे ठेवून आठ दिवस मुक्काम केला. गावी परतली तेव्हा लोक हसले. पाटलाच्या घरी विलायती राजे आहेत आणि ही कुत्रीची वरात घेऊन साक्रीपर्यंत पायपीट करून आली. काजळी झोपडीमागच्या तुराट्यांच्या ढिगाआड एकटीच व्यायली. पाच पिल्लं. केवळबाईला सकाळी कळलं.

त्यातली तीन तिने ठेवली. चुडामण पुढच्या वर्षी आला तेव्हा त्याने ती पाहिली. चपळ, लांब पायांची, ओरडण्यापेक्षा धावणारी. त्याच्या मनात होतं, पण तोंडाने मागवेना. आणि केवळबाईनेही आपणहून दिली नाहीत. "तो नर काढ," ती म्हणाली, "मंग लई जा." तो काढीना. आतापर्यंत वाड्यात तो नर आणि त्याचीच दोन तरणी पिल्लं, एवढी तीनच कुत्री उरली होती. जुनी म्हातारी होऊन मेली होती. दोघंही बापाचीच लेकरं, हट्टाला सारखी. हा हट्ट नंतर तिला आयुष्यभर खुपत राहिला.

एकोणीसशे एकतीसचा वैशाख. त्या साली उन्हाळा असा होता की गिरणेची वाळू पायाला फोड आणी. दुपारच्या वेळी पाखरंसुद्धा बाभळीच्या बुंध्याला चिकटून बसत. चुडामणची मेंढरं नदीच्या पात्रात, उरल्यासुरल्या डोहापाशी होती. केवळबाई ताकाचं गाडगं घेऊन भावाकडे निघाली होती. अबोला होता तरी ताक पोचत असे.

ती दरडीवरून खाली उतरत होती तेव्हा तिने लांडगे पाहिले. दोन. भर उन्हात, पलीकडच्या काठावरून निवांत उतरणारे. दिवसाढवळ्या लांडगा सहसा इतक्या जवळ येत नाही, पण रानात पाणी नव्हतं आणि या वाड्याच्या कुत्र्यांची त्यांना भीती राहिली नव्हती, असंच म्हणावं लागतं. चुडामणने आरोळी दिली. तिन्ही कुत्री उठली, भुंकत धावली. त्यांना मन होतं, हे केवळबाई नेहमी सांगे. भ्याली नाहीत बिचारी.

पहिलं शंभर पावलांवर थांबलं. तोंड उघडं, जीभ काळीनिळी, गोल गोल फिरलं आणि वाळूत बसलं ते उठलं नाही. दुसरं जरा पुढे जाऊन पडलं. तिसरं माघारी वळून डोहाकडे सरपटत निघालं, पाण्याला तोंड लागायच्या आत पालथं झालं. लांडग्यांनी त्यांना शिवलंही नाही. ते कळपात शिरले.

मग चुडामण धावला. कुत्र्यांनी धावायचं तिथे तो धावला, काठी घेऊन, अनवाणी, त्या वाळूतून. मेंढरं चौफेर उधळली होती. त्याने एकीकडची हाकलली की दुसरीकडून किंकाळी येई. केवळबाई वरून ओरडत होती, थांब, चुडामण, थांब, मेंढरू जाऊ दे. त्याला ऐकू गेलं नसावं. त्याचं पागोटं सुटून पडलं. वाळूच्या पट्ट्यापलीकडे तो एकदा दिसला आणि मग दिसेनासा झाला.

ती पोचली तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता आणि अंगाला घाम नव्हता. कातडी तव्यासारखी तापलेली. गाडग्यातलं ताक तिने त्याच्या डोक्यावर ओतलं, ओढत डोहापाशी नेलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला. दोन दिवस तो तापात बडबडत होता, मेंढरांना नावांनी हाका मारत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

सुतक फिटलं नव्हतं तोच लोटन झोपडीशी आला. जवळ यायची त्याची छाती होईना. लांबूनच म्हणाला, "अक्का, चंद्री अडकी गयी. कालपासून. नानास्नी धाडं नही, मीच उनू."

चंद्री ही ढवळीची नात, नानांची सगळ्यात लाडकी. केवळबाई चुलीपुढे बसली होती. लोटनला वाटलं, आता ही शिव्या देईल. पण ती उठली. "कुत्रीना काय गुन्हा शे?" म्हणाली आणि तेलाची वाटी घेतली.

नाना चौकात चंद्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. केवळबाईला पाहून त्यांनी मान खाली घातली. चुडामणचं त्यांना कळलं होतं, पण ते दारावर आले नव्हते. ती खाली बसली, हात घातला. मग हात काढला आणि वाटी नानांपुढे सरकवली.

"नाना, आज तुम्ही हात घाला."

"मी?"

"मी सात वरीस सांगी राहिनू. मना सांगनं तुम्हले पटनं नही. हातले पटी."

नाना दचकले. पाटील माणूस, असल्या कामाला हात लावायचा ही कल्पनाच त्यांना सोसेना. पण चंद्री कण्हली आणि त्यांनी बाही वर केली. केवळबाईने त्यांचं मनगट धरून वाट दाखवली. त्यांच्या बोटांना आधी हाड लागलं. हाडाच्या पलीकडे ते मोठं, गोल डोकं. बोटांपाशी काहीतरी हललं. पिलू जिवंत होतं. तोंड उघडत-मिटत होतं. नानांनी ते डोकं वळवायचा प्रयत्न केला, केवळबाई सांगेल तसा, इकडून, तिकडून. डोकं वळेना. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. थोड्या वेळाने बोटांखालची हालचाल मंद झाली. मग थांबली.

नानांनी हात बाहेर काढला आणि तो समोर धरून बसले. लोटनने पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यांना तो दिसला नाही.

केवळबाईने चार पिल्लं काढली, चारही मेलेली. चंद्री दिवस मावळायच्या आत गेली.

आठ दिवस नाना घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी बैल खच्ची करणाऱ्याला बोलावलं आणि घरातले दोन्ही नर खच्ची करून घेतले. लोटन रडला. उरलेल्या कुत्र्यांना नानांनी शेवटपर्यंत सांभाळलं, गोणपाटं भिजवली, घास भरवले, पण पुन्हा वीण घेतली नाही. चुडामणच्या बायकोला त्यांनी मेंढरं दिली. केवळबाईच्या पायांशी वाकले नाहीत, क्षमाही मागितली नाही. तिला ती नकोच होती. तिला दुसरंच हवं होतं.

"ज्यासले पिल्लं दिन्हात त्यासले चिठ्ठ्या लिखा," ती म्हणाली. "सांगा, आपसामा लावू नका. लांब तोंडनं लावा, नहीतर लावूच नका."

नाना म्हणाले, "मी लोकांना मान म्हणून दिलेली वस्तू. ती वाईट होती म्हणून कोणत्या तोंडाने लिहू?"

"मंग नावं सांगा. मी जास."

त्यांनी नावंही सांगितली नाहीत, आणि लोटनला पाहुण्यांची नावगावं ठाऊक नव्हती. एवढं एक त्यांच्याकडून झालं नाही. सात-आठ वर्षांनी नाना वारले तेव्हा ती नावं त्यांच्याबरोबरच गेली.

केवळबाई मात्र थांबली नाही. चुडामणचा वाडा तिने काजळीच्या वंशावर पुन्हा उभा केला. पाच-सहा वाडे तिच्याकडून पिल्लं नेऊ लागले. देताना ती त्यांच्याकडून शब्द घेई, भाऊ-बहीण लावणार नाही म्हणून. कुत्री एकटीच व्यायची आणि केवळबाई सकाळी नुसती मोजायला जाई. हसणारे लोक आता तिच्या झोपडीवर येऊन बसत. पण आठवड्याच्या बाजारात एखाद्या दुकानाच्या पायरीवर तोंड वर करून बसलेलं बसक्या नाकाचं कुत्रं तिला दिसे आणि ती विचारी, हे कुठून आणलं? मालक अभिमानाने सांगे, पाटलांच्या मेडलवाल्या जातीचं. त्याने कुणाकडून घेतलं ते सांगे, त्याने दुसऱ्याकडून. धागा कुठेतरी तुटे. एक मात्र पक्कं होतं. ती जात कुठेतरी वाढत होती, आणि तिचं तोंड दर पिढीला आणखी आखूड होत होतं.

एकोणीसशे पंचेचाळीसच्या फाल्गुनात तिच्या कानावर बोदवडचं नाव पडलं. गौतमचंद शेठच्या गोदामावर तसली कुत्री आहेत, पुष्कळ आहेत. ती तेव्हा साठीला आली होती. आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसली आणि बोदवडला उतरली.

शेठ वयस्क झाला होता. त्याने तिला आदराने बसवलं, पाणी दिलं, तिचं म्हणणं ऐकून घेतलं. "बाई, हमारे यहाँ तो सब ठीक है," म्हणाला आणि तिला गोदामामागे घेऊन गेला. तिथे सहा होती. पिलू न्यायला आलेल्या कुणी लोटनकडून शिकून घेतलेलं काम इथे एक गडी करत होता. ओली पोती वाळत घातलेली. तोंडं इतकी बसकी की नाकपुड्या नुसत्या दोन चिरा. शेठने चौदा वर्षं नानांची अट पाळली होती, आपसातच वीण घेतली होती. केवळबाईने एकेकीच्या पोटाला हात लावला. तीन गाभण होत्या.

तिने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "शेठ, राहाले एक कोपरा द्या," म्हणाली.

ती दीड महिना राहिली. तीनपैकी दोन गेल्या, एक वाचली. पिल्लं जगली ती दोनच. प्रत्येक वेळी तिने शेठला समोर बसवून ठेवलं. तिसऱ्या वेळी शेठने डोळ्यांना धोतराचा सोगा लावला. जैन माणूस, मुंगीवरून पाय टाकताना थबकणारा. खच्ची करायला त्याचं मन तयार होईना, पण त्याने त्याच दिवशी नर वेगळ्या कोठारात बांधले, माद्यांपासून लांब, आणि कोठाराची किल्ली आपल्या कडदोऱ्याला लावली.

"आपने और किसी को दिए?" हे हिंदी तिने त्याच्याच गड्याकडून शिकून घेतलं होतं.

शेठने होकारार्थी मान हलवली. नानांनी जे केलं नाही ते त्याने केलं. बसून नावं लिहून दिली. पाच होती. दोन भुसावळची, एक जळगावचं, दोन रावेरची.

केवळबाईला वाचता येत नव्हतं. तिने ती चिठ्ठी लुगड्याच्या सोग्यात बांधली, स्टेशनवर येऊन तिकीटबाबूपुढे धरली आणि सगळ्यात लांबचं गाव कोणतं ते विचारलं. बाबू म्हणाला, रावेर. भुसावळला गाडी बदलावी लागेल. चैत्र लागला होता. फलाटावरचा पत्रा आतापासूनच तापू लागला होता. तिने रावेरचं तिकीट मागितलं.